पाठकोरी गुंडाळी

हस्तलिखितांच्या अभ्यासात एक शब्द क्वचितच भेटतो : ‘अनोपिस्थोग्राफ’. एकाच बाजूला लिहिलेले पान किंवा गुंडाळी, एवढाच त्याचा अर्थ. ग्रीक ‘ओपिस्थेन’ म्हणजे मागे, ‘ग्राफेन’ म्हणजे लिहिणे, आणि आरंभीचा ‘अन्’ हा आपल्या ‘अनादि-अनंत’मधल्या नकाराचा सख्खा भाऊ. परिभाषा-कोशाच्या थाटात ‘एकपृष्ठलिखित’ असा प्रतिशब्द घडवता येईल; मला त्याची गरज वाटत नाही. एका बाजूला मजकूर असलेले कागद आपण कच्च्या कामासाठी जपून ठेवतो, ते ‘पाठकोरे’. दोन्हीकडे लिहिले की ‘पाठपोट’. एवढ्या दोन शब्दांवर या शास्त्राचा बराच संसार चालतो.

पपायरसच्या गुंडाळ्या पाठकोऱ्या का, याचे उत्तर त्यांच्या घडणीत आहे. नाईलकाठची ही वनस्पती आपल्या नागरमोथ्याच्या कुळातली. तिच्या दांड्यातल्या गराच्या पट्ट्या काढायच्या, एक थर उभा आणि त्यावर एक आडवा मांडून दाबायचा, की ताव तयार. असे ताव कडेला कडा चिकटवून गुंडाळी होई. वीसपेक्षा अधिक ताव एका गुंडाळीत नसत, असे थोरला प्लिनी सांगतो. आडव्या धाग्यांची बाजू आत ठेवत, कारण धाग्याच्या दिशेने बोरू सरळ धावतो. बाहेरच्या बाजूला धागे उभे. तिथे बोरू दर अक्षराला अडखळणार. शिवाय गुंडाळी हातात धरून वाचायची, म्हणजे बाहेरची बाजू घासली जाणार, मळणार. आतली अक्षरे मात्र सुरक्षित. कोरी पाठ ही उधळपट्टी नव्हती, ते मजकुराचे वेष्टन होते.

म्हणूनच पाठपोट लिहिणे ही बोलण्याजोगी गोष्ट ठरे. प्लिनीने मागे ठेवलेल्या टिपणांच्या १६० वह्या बारीक अक्षरांत आणि पाठपोट लिहिलेल्या होत्या, हे त्याचा भाचा एका पत्रात मुद्दाम नोंदवतो. म्हणजे खरा आकडा याहून मोठा धरा, असा त्याचा सूर आहे. (ही टिपणे आणखी कमी असतानाच कुणी त्यांना चार लाख सेस्टर्स देऊ केले होते.) उपहासकार जुव्हेनाल मात्र वैतागतो. कुणाचे तरी रटाळ नाटक गुंडाळीच्या पाठीवरही पसरलेले, आणि तरी संपायचे नाव नाही!

थोरला प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याच सुमारास, ७८-७९ साली, इजिप्तमध्ये हर्मोपोलिसजवळ दिदिमोस नावाचा कारभारी आपला मालक एपिमाखोस याच्या शेतीचा जमाखर्च पपायरसवर मांडत होता. हिशेब जुना झाला, पाठ कोरीच होती. पुढे कुणीतरी त्या रद्दीच्या पाठीवर ॲरिस्टॉटलच्या नावाने ओळखला जाणारा अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ उतरवून घेतला. अक्षर एकाचे नाही, चौघांचे. हा ग्रंथ शतकानुशतके जवळजवळ नाहीसाच झालेला होता. ब्रिटिश म्युझियममधल्या या गुंडाळ्यांवरून फ्रेडरिक केनियनने तो १८९१ साली छापला. अथेन्सच्या लोकशाहीबद्दल आज आपण जे ठामपणे बोलतो, त्यातले पुष्कळसे एका शेताच्या हिशेबाच्या पाठीवरून आलेले आहे. हिशेबवहीची मला यात ग्रंथाइतकीच गंमत वाटते : तिच्यात तारखा आहेत, त्यामुळे पाठीवरचा मजकूर कोणत्या काळाच्या आधीचा असू शकत नाही हे कळते.

पाठ कोरीच असणार, असे गृहीत धरणे महागात पडू शकते. त्याच उद्रेकात हर्क्युलेनियममधले एक ग्रंथालय गाडले गेले. १७५२ पासून तिथे कोळसा झालेल्या गुंडाळ्या सापडू लागल्या. बहुतेक पाठकोऱ्या. उलगडलेले ठिसूळ तुकडे जाड पुठ्ठ्यावर चिकटवण्याची पद्धत पडली, आणि पाठकोऱ्या गुंडाळीला त्याने काही बाध येत नव्हता. पण फिलोदेमस या तत्त्वज्ञाने प्लेटोच्या अकादमीचा इतिहास लिहिला, त्याची एक गुंडाळी पाठपोट निघाली. तो कच्चा खर्डा असावा, असे अभ्यासक मानतात. सुचलेली भर पाठीवर घातलेली. तीही पुठ्ठ्यावर गेली. पाठीवरच्या ओळींची हाताने काढलेली चित्रे तेवढी उरली. मूळ ओळी डोळ्यांआडच होत्या. २०१९ साली अवरक्त किरणांच्या साहाय्याने घेतलेल्या प्रतिमांत त्यातली काही अक्षरे पुन्हा दिसली, तीही पुठ्ठा न काढता.

चीनमध्ये कारण निराळे. कागद इतका पातळ की शाई पलीकडे उमटे. शिवाय ठशावर कागद ठेवून तो मागून घासायचा, मग मागे छापणार कसे? पंधराव्या शतकातल्या युरोपीय ठसा-ग्रंथांची पाने याच घासण्यामुळे पाठकोरी राहिली.

आपल्या पोथीचा रिवाज याहून वेगळा. ताडपत्र असो वा हातकागद, पोथी साधारणपणे पाठपोटच. पहिल्या पानाची दर्शनी बाजू मात्र बहुधा कोरी सोडतात, मजकूर पाठीवरून सुरू होतो, आणि पानाचा आकडाही पाठीवरच घालण्याची चाल. पाठकोरी गुंडाळी पाहायची असेल, तर घरातली जुनी, हातभर-दोन हात लांब जन्मपत्रिका उलगडावी. अशा पत्रिकांची सूची करताना मी ‘पाठकोरी’ असा शेरा लिहितो, पण शेवटच्या वेढ्यापर्यंत ती उलटून पाहिल्यावर.