चिनी कासव, जांभूळचा पाऊस

अंबरनाथ, जांभूळ, बदलापूर या पट्ट्यात नवं घर घेणाऱ्याला हल्ली दोन शास्त्रांची परीक्षा द्यावी लागते. फ्लॅट ठरवताना वास्तुशास्त्र, आणि किल्ली हातात पडली की फेंगशुई. पहिल्याचा आग्रह घरातले वडीलधारे धरतात, दुसरं आहेराच्या पिशव्यांतून येतं. वास्तुशांतीला आलेली खोकी उघडली की लाफिंग बुद्धा, काचेच्या वाडग्यातलं कासव, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, विंड चाइम आणि लाल दोऱ्यात ओवलेली भोकाची नाणी यांपैकी दोन-तीन तरी निघतातच. काय कुठल्या दिशेला ठेवायचं, ते खोक्यावरच छापलेलं असतं.

फेंगशुई खरी की खोटी, या वादाआधी एक गोष्ट बघायला हवी. आपल्याकडे जी दुकानात मिळते, ती मुळात फेंगशुई आहे का?

‘उत्तरेला कासव ठेवलं की घरात पैसा टिकतो’

या विषयावरचा जो जुना चिनी ग्रंथ प्रमाण मानतात, तो ‘ज़ांगशू’. गुओ पू (इ.स. 276 ते 324) या पंडिताच्या नावावर तो सांगितला जातो आणि त्याचा विषय आहे दफनाची जागा. पूर्वजांना कुठे पुरावं, याचे ते आडाखे होते. पुढे तेच घराला आणि नगराला लागू झाले. जागा निवडताना चार बाजूंना चार प्राणी कल्पायचे: पाठीशी काळं कासव, पुढे लाल पक्षी, डावीकडे निळा-हिरवा ड्रॅगन, उजवीकडे पांढरा वाघ. घराचं तोंड दक्षिणेला, म्हणून कासव उत्तरेला. आणि हे कासव म्हणजे मूर्ती नव्हे, घरामागचा डोंगर.

उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सैबेरिया-मंगोलियाकडून हाडं गोठवणारा वारा येतो. पाठीशी डोंगर असला की तो अडतो. दक्षिणेकडे तोंड असलं की थंडीतलं तिरपं ऊन थेट घरात येतं. समोर थोड्या अंतरावर पाणी असलं की शेती होते. बीजिंगचा अक्षांश सुमारे 40. तिथल्या माणसाने सांगितलेली ही गोष्ट शहाणपणाची आहे, आणि म्हणूनच बीजिंगच्या राजवाड्याचं मुख्य दार दक्षिणेला आहे.

आता जांभूळला या. अक्षांश 19. इथे उत्तरेकडून गोठवणारा वारा कधी आला? पाऊस येतो तो नैर्ऋत्येकडून, तोही आडवा. मलंगगड, टावली, चंदेरीच्या डोंगरांची रांग आपल्या उत्तरेला नाहीच. ती अंबरनाथ-बदलापूरच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य अंगाला आहे. म्हणजे मूळ विचार इथे लावायचा तर कासवाची दिशाच बदलावी लागेल. डोंगराच्या जागी चार इंचांचं काचेचं कासव ठेवून कुठला वारा अडणार, हा प्रश्न खोक्यावर छापलेला नसतो.

‘दार आणि खिडकी समोरासमोर नको, ऊर्जा निघून जाते’

मला सगळ्यात जास्त नुकसानकारक वाटतो तो हा सल्ला, कारण लोक तो पाळतात. दारासमोर खिडकी आली की मध्ये पार्टिशन, जाड पडदा नाहीतर शोकेस उभं करतात. थंड मुलुखात आरपार झोत बोचरा लागतो, तिथे आडोसा हवाच. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, अंगाला घाम चिकटलेला असतो. तेव्हा आरपार वारा हेच औषध. कोकणातल्या जुन्या घरांत पुढचं दार, माजघर आणि मागचं दार एका रेषेत असायचं. जेवण झाल्यावर माणसं त्याच रेषेत चटई टाकून आडवी व्हायची.

वारा आत यायला एक आणि बाहेर जायला दुसरी वाट लागते. एकाच भिंतीला कितीही मोठी खिडकी असली तरी हवा खेळत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या सहाव्या हिश्शाइतकं असावं असं म्हटलं आहे. उष्ण-कोरड्या हवेत दहावा हिस्सा पुरतो. आपल्या हॉलची खिडकी मोजून बघा, आणि मग त्या खिडकीपुढे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेलं सहा फुटी कपाट उभं आहे का, तेही बघा. अर्धी हवा तिथेच अडलेली असते.

‘ईस्ट फेसिंग आहे, डोळे मिटून घ्या’

इथे फेंगशुई आणि वास्तू यांची खिचडी होते, आणि खिचडी करणाऱ्याला दोन्ही ठाऊक नसतात. वास्तूत दक्षिणेचं दार नाक मुरडण्याचं. जुन्या चिनी परंपरेत तेच सर्वोत्तम. वास्तूत आग्नेय कोपरा अग्नीचा, तिथे चूल. बाजारातल्या फेंगशुईत तोच कोपरा धनाचा, तिथे झाड किंवा कारंजं. त्यातही धनाचा कोपरा होकायंत्राने काढायचा की दारातून आत आल्यावर डावीकडचा टोकाचा कोपरा धरायचा, यावर पंथांत एकमत नाही. होकायंत्र बाजूला ठेवून दारावरून नकाशा मांडणारा पंथ लिन युन यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेत रुजवला. हजारो वर्षांची परंपरा म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं वयाने आपल्याहून लहान आहे.

दिशेचा घोळ आपल्या भागात आणखी एका कारणाने होतो. कल्याणपुढे कर्जतकडे जाणारी लाइन आग्नेयेला वळते, पण स्टेशनांची पूर्व-पश्चिम मुंबईच्या हिशेबानेच चालू राहते. अंबरनाथ ‘पूर्वे’तलं शिवमंदिर नकाशावर स्टेशनच्या नैर्ऋत्येला आहे. बदलापूर ‘पश्चिमे’तून ज्या नदीकडे जातो, ती उल्हास नदी प्रत्यक्षात ईशान्य अंगाला. तेव्हा रुळाला समांतर उभ्या इमारतीतला फ्लॅट ‘ईस्ट’ म्हटला की तो कुठल्या हिशेबाने, हे विचारायलाच हवं. मोबाइलमधला होकायंत्राचा अॅप घरात फिरवलात तर स्लॅबमधल्या सळ्या, लिफ्ट आणि लोखंडी दरवाजा यांच्या जवळ काटा भलतीकडे सरकतो. कंपास बघायचाच असेल तर मोकळ्या मैदानात जाऊन बघा.

आणि फ्लॅटचं मुख्य दार उघडतं कुठे? लॉबीत. समोर शेजाऱ्याचं शू-रॅक आणि मीटरची पेटी. त्या दारातून ना ऊन येत, ना वारा. दाराची दिशा महत्त्वाची होती ती अंगणात उघडणाऱ्या दारांच्या काळात. फ्लॅटमध्ये विचार करायचा तो खिडक्यांचा.

तो करू या. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला असतो. हिवाळ्यात तो दक्षिणेला कलतो. म्हणजे ज्या दक्षिणेला सगळे घाबरतात, त्या बाजूच्या खिडकीला भर उन्हाळ्यात दुपारचं ऊन जेमतेम लागतं. साध्या छज्ज्याने तेही अडतं, आणि थंडीत मात्र छान उबदार ऊन आत येतं. खरा त्रास पश्चिमेचा. दुपारी तीननंतरचं ऊन आडवं येतं, छज्जा त्यापुढे काही करू शकत नाही, भिंत तापते आणि रात्री दहापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहते. पावसाळ्यात याच बाजूला झड लागते. आतून ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, कपाटामागे बुरशी धरते. जुनी माणसं पाऊस सुरू होण्याआधी झडीच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधायची, ती उगाच नव्हे.

तरीही पश्चिमेचं दार ‘अशुभ’ म्हणणाऱ्याला अंबरनाथच्या शिवमंदिराकडे बोट दाखवावं. शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख, शिलाहारांचं राज्य, वालधुनी नदीचा काठ, आणि देवळाचं तोंड पश्चिमेला. गाभारा तर जमिनीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. साडेनऊशेहून अधिक पावसाळे त्या दगडांनी काढले.

दिशा न बघता बसलेल्या वस्तीचं उदाहरणही जवळच आहे. उल्हासनगरचं मूळ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या बराकींमध्ये राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर झालं. त्या बराकी सैनिकांच्या सोयीने रांगेत बांधलेल्या. दार कुठल्या दिशेला, हे निर्वासितांना कुणी विचारलं नाही. याच लोकांनी तिथे फर्निचर, कापड, जीन्सचे धंदे उभे केले. एका शहरावरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. पण दिशेने धंदा बसतो म्हणणाऱ्याने याचं उत्तर द्यायला हवं.

‘लाफिंग बुद्धा म्हणजे बुद्धच’

नव्हे. तो बुदाई, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा चीनच्या झेजियांग भागातला एक भटका भिक्खू. खांद्यावर कापडी झोळी, पोट सुटलेलं, चेहरा हसरा. लोकांनी त्याला भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार मानलं. सिद्धार्थ गौतमाशी, आपल्या विहारांतल्या मूर्तीशी त्याची गल्लत करू नये. जुन्या फेंगशुईच्या ग्रंथांशीही त्याचा संबंध नाही. त्याचं पोट चोळलं की धन येतं आणि तो स्वतः विकत घ्यायचा नसतो, भेटच मिळावा लागतो, हा नियम दुकानदाराच्या सोयीचा आहे, एवढंच म्हणतो. मूर्ती आवडली तर जरूर ठेवा. हसरा चेहरा कुणाला नको असतो?

‘लकी बांबू आणि मासे घराची पीडा घेतात’

लकी बांबू हा बांबू नाही आणि चिनीही नाही. तो ड्रॅसिना, मूळ मध्य आफ्रिकेतला. मनी प्लांट पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. दोन्ही गुणी झाडं, कमी उजेडात तग धरतात. पण ती पाण्यात ठेवतात आणि ते पाणी बदलायचं विसरतात, तिथे घोळ होतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. मुंबई महापालिका पावसाळ्यात डासांची जी ठिकाणं सांगते, त्यांत फेंगशुईच्या झाडांचं भांडं असतंच. आपल्याकडे आणखी एक भर. बारवी धरणाचं पाणी जांभूळच्या एमआयडीसी केंद्रात शुद्ध होऊन पुढे जातं. शटडाऊन असला की घरोघरी पिंप भरून ठेवतात. ते ईशान्येला आहे की नाही यापेक्षा त्यावर घट्ट झाकण आहे का, हे बघा. आठवड्यातून एकदा पिंप आणि झाडाचं भांडं, दोन्ही रिकामं करून घासा.

माशांचं तर वाईट वाटतं. आठ सोनेरी, एक काळा, असे नऊ मासे छोट्या गोल वाडग्यात सोडतात. गोल्डफिशची विष्ठा पाण्यात अमोनिया तयार करते. फिल्टर नसलेल्या एवढ्याशा पाण्यात तो लवकरच जीवघेणा ठरतो. मासा मरतो आणि घरातले म्हणतात, ‘आपल्यावरचं त्याने घेतलं.’ त्याने काही घेतलेलं नसतं. तो गुदमरून मेलेला असतो.

‘उत्तरेला डोकं केलं की रक्तातलं लोह ओढलं जातं’

हा आपला देशी समज, पण तो आता फेंगशुईच्या पुस्तिकांतही शिरला आहे. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. एमआरआय मशीनचं 1.5 टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या इथल्या क्षेत्राच्या तीस हजारांहून अधिक पट असतं. त्यात माणूस अर्धा तास पडून राहतो आणि उठून चहा पितो. तेव्हा बेड पंख्याखाली येईल आणि तोंडावर सकाळचं ऊन येणार नाही असा लावा. डोकं कुठेही येवो.

मग यात घेण्यासारखं काहीच नाही का? आहे. गळका नळ लगेच दुरुस्त करा, दारामागे अडगळ ठेवू नका, बेडवरून दार दिसेल असं बघा, तुटकी घड्याळं आणि तडे गेलेली भांडी काढून टाका. हा घर नीट ठेवण्याचा सल्ला आहे. आजीही तोच द्यायची, फक्त फी घेत नव्हती. आरशाचंही तसंच. बेडसमोर आरसा अशुभ, याला आधार नाही. झोपेतून दचकून उठल्यावर स्वतःचीच हालचाल दिसून घाबरायला होत असेल तर बाजूला हलवा. नाहीतर खिडकीसमोर लावा, कोंदट वन रूम किचनमध्ये उजेड वाढतो.

मोठे लोक मानतात म्हणून खरं असेल, या युक्तिवादाला मी फार किंमत देत नाही. हाँगकाँगचं डिस्नेलँड 2005 मध्ये उघडलं, तेव्हा जाणकाराच्या सल्ल्याने मुख्य प्रवेशाची दिशा 12 अंशांनी फिरवली होती. ज्या शहरात गिऱ्हाईक हे सगळं मानतं, तिथे तो व्यवहार झाला. तुम्ही मात्र त्यापायी संडास हलवू नका, भिंत पाडू नका. बाथरूमखालचा स्लॅब खोलगट घेतलेला असतो, वॉटरप्रूफिंग तेवढ्यापुरतंच असतं. संडास हॉलच्या बाजूला सरकवला की खालच्यांच्या छतातून पाणी ठिबकतं आणि सोसायटीची पहिली भांडणं तिथूनच सुरू होतात. बीम-कॉलमला तर इंजिनीअरशिवाय हातच लावू नये.

समोर पाणी म्हणजे लक्ष्मी, असं दोन्ही शास्त्रं सांगतात आणि बिल्डर ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून जास्त पैसे लावतो. उल्हास नदी 26 जुलै 2005 ला काय करून गेली ते इथल्या जुन्या रहिवाशांना विचारा. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजाराहून अधिक प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. म्हणून टोकन देण्याआधी इमारत पूररेषेच्या आत येते का, हे नगरपालिकेत विचारा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि जमलं तर फ्लॅट जुलैत, दोन दिवस सलग पाऊस लागल्यावर बघायला जा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावा, पार्किंगमध्ये पाणी किती साचलंय ते बघा, वॉचमनला मागच्या पुराचं विचारा. एजंट तेव्हा नेहमीच म्हणेल, ‘साहेब, पाऊस थांबल्यावर या.’ थांबू नका.