इंजिन थांबतं, उष्णता थांबत नाही
यंत्रांच्या अंतरंगात : टर्बोचार्जर, भाग दुसरा

गेल्या आठवड्यात आपण टर्बोचार्जर काम करताना पाहिला. एका टोकाला एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारं टर्बाइन, दुसऱ्या टोकाला हवा दाबून इंजिनात भरणारा कॉम्प्रेसर आणि दोघांना जोडणारा एक बारीक दांडा. मिनिटाला लाखावर फेरे घेणारा हा दांडा बेअरिंगला टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, इथपर्यंत आपण आलो होतो. आजचा प्रश्न असा : गाडी दारात उभी करून किल्ली काढली, की त्या तेलाचं काय होतं?

जुन्या स्पोर्ट्स कारच्या टर्बोला धोका असतो तो नेमका इथे. भरधाव जाताना तो सुरक्षित असतो, कारण तेव्हा तेल वाहतं असतं. पेट्रोल इंजिनावर पूर्ण भार असताना टर्बाइनवर येणारे वायू ९०० अंश सेल्सियसच्या वर असतात आणि टर्बाइनचं जाड बिडाचं घर अंधारात लालसर दिसेल इतकं तापतं. शेजारच्या बेअरिंगमधून तेल सतत जातं. दांड्याला आधार देणं आणि आत झिरपणारी उष्णता वाहून नेणं, ही दोन्ही कामं तेच करतं.

पण तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की तेलही थांबतं. बिडाच्या घरात साठलेली उष्णता मात्र तिथेच असते आणि तिला निघायची सोपी वाट म्हणजे धातूतून, दांड्यावरून, बेअरिंगकडे. गॅस बंद केल्यावरही जाड तव्यावरची भाकरी करपते, तसंच हे. त्यामुळे बेअरिंगचं तापमान चालत्या गाडीत असतं त्याहून जास्त होतं ते गाडी उभी राहिल्यानंतर काही मिनिटांनी. इंजिनाचे अभियंते याला ‘हीट सोक’ म्हणतात.

बेअरिंगमध्ये अडकलेलं थोडंसं तेल या उष्णतेत शिजतं. साधं खनिज तेल २५० ते ३०० अंशांच्या आसपास टिकत नाही. त्याचा हलका भाग उडून जातो आणि मागे काळा, कडक कार्बन उरतो. त्याला ‘कोक’ म्हणतात. एका दिवसात काही बिघडत नाही. थरावर थर चढत जातो तो टर्बाइनच्या बाजूच्या बेअरिंगवर, सीलच्या रिंगच्या खाचेत आणि तेल परत जाण्याच्या वाटेत. मग तेलाची वाट अरुंद होते, दांडा डुगडुगू लागतो, सीलमधून तेल निसटतं आणि एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो. धूर दिसेपर्यंत आतलं नुकसान झालेलं असतं.

पोर्शने १९७५ मध्ये ९११ टर्बो विक्रीला आणली, कारखान्याच्या भाषेत ९३०, तेव्हा या दुखण्यावर उपाय चालकाच्या हातातच होता. इंजिन हवेने थंड होणारं, म्हणजे गाडीत पाण्याची वाटच नाही. टर्बोला आधार फक्त तेलाचा. जोरात पळवून आणलेली ९३० लगेच बंद करायची नाही, थोडा वेळ आयडलवर चालू द्यायची, हा तिच्या मालकांचा नियम झाला. नियम बरोबरच होता, पण तो घाईत विसरला जातो.

दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, त्याच कंपनीने ९४४ टर्बो काढली, आणि माझ्या मते या प्रश्नाचं त्या काळातलं सर्वांत समंजस उत्तर त्या गाडीत आहे. चार सिलिंडरचं, अडीच लिटरचं, पाण्याने थंड होणारं हे इंजिन तिरकं बसवलेलं आहे. टर्बो एक्झॉस्टच्या बाजूला न ठेवता त्याच्या विरुद्ध बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसवला आणि गरम वायू इंजिनाच्या खालून पाइपने तिथवर नेले. के. के. के. कंपनीच्या या टर्बोच्या मधल्या भागात, बेअरिंगभोवती, पाणी खेळवण्याची पोकळी आहे. खरी युक्ती त्यापुढची आहे. इंजिन बंद झाल्यावर मुख्य वॉटर पंपही थांबतो, म्हणून एक छोटा विजेचा पंप वेगळा दिला. किल्ली काढली की तो साधारण अर्धा मिनिट चालतो आणि टर्बोभोवतीचं तापलेलं कूलंट हलवतो. पुढेही तापमान वाढलं, तर तापमानाच्या स्विचवर तो पुन्हा सुरू होतो.

पाण्याच्या पोकळीचा फायदा पंप थांबल्यावरही मिळतो. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, खालून थंड पाणी त्याची जागा घेतं. नळ्यांना योग्य चढ दिला असेल तर हा प्रवाह आपोआप चालू राहतो. शिवाय पाण्याची वाफ होताना ते प्रचंड उष्णता शोषतं. सुबारूने आपल्या टर्बो गाड्यांत कूलंटची छोटी टाकी टर्बोपेक्षा उंचावर ठेवली, ती यासाठीच.

आता या गाड्यांना चाळीस वर्षं होत आली. ९४४ टर्बोचा तो छोटा पंप मेला तर डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, तापमानाचा काटाही हलत नाही. इंजिन चालू असताना त्याची उणीव भासतच नाही. त्यामुळे कित्येक गाड्या मेलेला पंप घेऊन खुशाल फिरत असतात. तपासणी सोपी आहे. इंजिन पूर्ण तापवा, किल्ली काढा, बॉनेट उघडून कान द्या. बारीक घरघर ऐकू आली पाहिजे. शांतता असेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहा, मग पंपाला थेट १२ व्होल्ट देऊन पाहा. कूलंट बदललं असेल तर नळ्यांत हवा अडकलेली नाही ना, याची खात्री करा. इंजिन गार असताना, पुढच्या बाजूचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी लागते. हवेचा फुगा अडकला तर पंप चालूनही पाणी हलत नाही.

जपानमध्ये टर्बो टायमरची लाट आली होती. किल्ली काढली तरी हे उपकरण इंजिन ठरावीक वेळ आयडलवर ठेवतं. ज्या गाडीत टर्बोला पाणीच नाही, तिथे त्याचा उपयोग आहे. पण मला त्यापेक्षा साधी सवय जास्त पटते : शेवटचे दोन-तीन किलोमीटर बूस्ट न वापरता, हलक्या पायाने चालवायचे. त्यात तेल वाहतं, पाणी वाहतं आणि बॉनेटखालून वाराही जातो. उभ्या गाडीत यातला वारा मिळत नाही.

आपल्याकडच्या डिझेल टर्बो गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही बंद करण्याआधी थोडं थांबण्याची सूचना असते. डिझेलचे एक्झॉस्ट वायू पेट्रोलपेक्षा थंड असतात, म्हणून तिथे धोका कमी, पण घाट चढून आल्यावर ती सूचना पाळावी. आजच्या अनेक टर्बो-पेट्रोल गाड्यांत मात्र इंजिन बंद झाल्यावर चालणारा विजेचा पंप असतोच.

जुनी टर्बो गाडी विकत घेणार असाल, तर चाचणी फेरीनंतर विक्रेत्याशी बोलण्याआधी बॉनेट उघडा आणि पंपाचा आवाज ऐका. पुढच्या आठवड्यात इंटरकूलर.