मौन ओळखण्याची विद्या

वसईस आमचें जुनें घर आहे. माडांची व केळींची थोडीशी वाडी, तिच्या मधोमध दुमजली घर, आणि त्यांत तीन पिढ्यांचीं अकरा माणसें. थोरले बंधू अण्णा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचा नातू अमेरिकेंत असतो. रोज सकाळीं साडेसात वाजतां तो पडद्यावर दिसला, म्हणजे अण्णा चहाचा पेला हातीं घेतात. गेल्या पावसाळ्यांत एका शनिवारीं हा संवाद बंद पडला. रविवार गेला, सोमवारचीही सकाळ गेली. अण्णा तोंडानें कांहीं बोलले नाहींत; परंतु चहा तसाच निवूं लागला. त्या दिवसांत वीज वारंवार जाई व मोबाइलही धड लागत नसे, त्यामुळें तिकडे नातवाचा जीव टांगणीस लागला.

सोमवारीं सायंकाळीं वहिनींनीं शेजाऱ्यांकडे जाऊन कंपनीस फोन केला, तेव्हां उत्तर मिळालें, "आमच्याकडे सारें ठीक दिसतें आहे." मंगळवारीं कंपनीचा माणूस आला. तो आमचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानें विचारलें, "गुरुजी, सोमवारपर्यंत कोणींच कळविलें नाहीं?" आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. मुलास वाटलें, पत्नीनें कळविलें असेल; सुनेस वाटलें, पुतण्यानें कळविलें असेल; आणि आम्हांस वाटलें, कंपनीस तें आपोआप कळलें असेल. अकरा माणसांच्या घरांत तीन दिवस प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरंवशावर राहिला होता.

तार तुटली हें तार सांगूं शकत नाहीं. कारण ज्या वाटेनें तिनें सांगावयाचें, तीच वाट मोडलेली असते. मग दूर बसलेल्या राखणदारास तें कळावें कसें? दळणवळणाच्या जाळ्यांची देखरेख करणाऱ्यांपुढील मूळ प्रश्न हाच आहे.

संस्कृत शास्त्रांचा अभ्यास केलेल्यांस हा प्रश्न अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. कुमारिलभट्टांच्या परंपरेंतील मीमांसकांनीं 'अनुपलब्धि' हें स्वतंत्र प्रमाण मानलें आहे. भूमीवर घट दिसत नाहीं, यावरून तेथें घट नाहीं हें कळतें. परंतु त्यास एक अट आहे : घट असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिति पाहिजे. काळोख्या खोलींत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून तो नाहीं असें म्हणतां येत नाहीं. जाळ्याची राखण म्हणजे बव्हंशीं ही अट पुरी करणें होय. जेथून उत्तर येणें ठरलेलें आहे, तेथून तें आलें नाहीं, तरच मौनास कांहीं अर्थ येतो.

आपल्या रेल्वेनें हें तत्त्व फार पूर्वींच अंगीकारिलें. विरारहून मुंबईकडे पहिली लोकल गाडी १२ एप्रिल १८६७ रोजीं धांवली. त्या काळच्या सिग्नलांच्या हातास वजन जोडण्याची पद्धत पुढें रूढ झाली. ओढणारी तार तुटली, तर हात आपोआप 'थांबा' या स्थितींत येई. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थानें रुळांतूनच अखंड विद्युत्प्रवाह खेळविण्याची युक्ति काढली. गाडी रुळांवर आली, रूळ तुटला किंवा वीज गेली, तरी प्रवाह खंडित होऊन सिग्नल लाल होतो. 'सर्व ठीक' हें सतत सांगावें लागतें. सांगणें थांबलें कीं धोका समजावयाचा.

संगणकांच्या जाळ्यांत हेंच काम प्रश्नोत्तरांनीं चालतें. डिसेंबर १९८३ मध्यें माइक मूस यांनीं 'पिंग' नांवाची एक लहानशी आज्ञावली लिहिली. पाणबुड्यांचा शोध घेणारें यंत्र ध्वनि पाठवून त्याचा प्रतिध्वनि ऐकतें, त्या आवाजावरून हें नांव पडलें. एक यंत्र दुसऱ्यास हांक मारतें व 'ओ' येण्यास किती वेळ लागला तें मोजतें. पुढें १९८८ साली अशा विचारपुशीची एक सर्वमान्य पद्धत ठरली. तींत मुख्य केंद्र ठराविक अंतरानें प्रत्येक यंत्रास त्याची प्रकृति विचारतें. आणि विशेष कांहीं घडल्यास यंत्र न विचारतांही कळवितें. पण न विचारतां पाठविलेला निरोप वाटेंत हरवूं शकतो, म्हणून विचारणें सोडून चालत नाहीं. तसेंच, एका हांकेस 'ओ' आली नाहीं म्हणून लगेच धांवाधांव करीत नाहींत. लागोपाठ तीन-चार हांका वायां गेल्या, म्हणजे मग दोष मानतात.

यापुढील काम मौनाचा अर्थ लावण्याचें. आमच्या घरीं येणारी तार म्हणजे केंसाएवढा काचतंतु, ज्यास सारे फायबर म्हणतात. केंद्रांतून निघालेल्या एका तंतूच्या वाटेंत बहुधा ३२ किंवा ६४ शाखा होऊन त्या घरोघर जातात. एकच घर गप्प झालें, तर दोष त्याच्या शाखेंत. सारींच एकदम गप्प झालीं, तर मूळ तंतूंत. हा अन्वयव्यतिरेकच होय. त्यांतही एक मौज आहे. घरची वीज गेली, तर तेथील मोडेम उरल्यासुरल्या शक्तीनें एक शेवटचा निरोप पाठवितो. इंग्रजींत त्यास 'मरणकाळचा उसासा' अशा अर्थाचें नांव आहे. उसासा टाकून गप्प झाला, तर वीज गेली. न टाकतां गप्प झाला, तर तंतु तुटला.

तंतु तुटल्याची जागाही घरबसल्या सांपडते. काचेंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. प्रकाशाचा एक स्पंद सोडला, कीं तुटल्या जागेवरून त्याचा कांहीं अंश परत येतो. एका किलोमीटरच्या जाण्यायेण्यास सेकंदाचे दहा दशलक्षांश लागतात. तेव्हां १२० दशलक्षांशांनीं तो परतला, तर दोष १२ किलोमीटरांवर. मात्र तंतूचीं वेटोळीं जागजागीं राखून ठेवलेलीं असल्यामुळें रस्त्यावरचें अंतर त्याहून कमी भरतें, हें शोधणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें लागतें.

मोठ्या जाळ्यांत एक वाट मोडली तर दुसरीनें काम चालावें, अशी योजना असते. तिच्यांतही एक गोम आहे. दुसऱ्या वाटेनें काम बिनबोभाट चालूं लागलें, म्हणजे पहिली मोडल्याचें कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि पुढें दुसरीही मोडली कीं सारेंच थांबतें. शिवाय दोन वाटा जवळजवळ असल्या, तर त्या दोन नव्हेतच. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तमधील अलेक्झांड्रियानजीक समुद्रांतील दोन केबली पाठोपाठ निकामी झाल्या. त्या दोन्ही मुंबईस येणाऱ्या. त्यामुळें आपल्याकडील इंटरनेट कित्येक दिवस मंदावलें, व बरीचशी वाहतूक पूर्वेच्या समुद्रमार्गानें वळवावी लागली.

आतां आमच्या घरच्या दोषाकडे येऊं. विद्यार्थ्यानें नोंदी पाहिल्या व तो हंसला. शनिवारीं पहांटे वीज गेली तेव्हां आमच्या मोडेमनें रीतसर उसासा टाकला होता. त्यानंतर, वीज नसतांनाच, वाऱ्यानें माडाची एक जड झावळी तारेवर पडली व तंतु आंत मोडला. वीज परत आली, पण मोडेमला बोलण्यास वाटच उरली नव्हती. केंद्रांतील नोंद मात्र 'ह्या घरची वीज गेली आहे' अशीच राहिली. आसपासच्या घरांची वीज येऊन ते मोडेम बोलूं लागले. हा एकच अजून गप्प कां, असा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. मौनाचा एकदां लावलेला अर्थ पुन्हां तपासून पाहिला नाहीं, एवढीच चूक. आणि आमचें घर तरी काय वेगळें वागलें होतें?

झावळी काढून तंतु सांधण्यास पाऊण तास पुरला. दुसऱ्या दिवशीं साडेसातला नातू दिसला, तेव्हां अण्णा प्रथम त्यास रागें भरले व मग डोळे पुसूं लागले.

त्या दिवसापासून आम्हीं घरांत दोन नियम केले आहेत. मोडेमवर तांबडा दिवा दिसला, तर कळविण्याचें काम धाकट्या सुनेचें. दुसऱ्या कोणाचें नाहीं. आणि सकाळीं आठपर्यंत बोलणें झालें नाहीं, तर नातवानें शेजाऱ्यांस फोन करून चौकशी करावी. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे आईवडील दूरगांवीं एकटे राहत असतील. त्यांस सवड सांपडेल तेव्हां फोन करण्याऐवजीं रोजची एक वेळ ठरवून करावा. वेळ ठरलेली असली, म्हणजे ज्या दिवशीं पलीकडून 'ओ' येणार नाहीं, त्या दिवशीं तें तत्काळ कळेल.