गल्ल्याची किल्ली आणि आयुष्याचा सातवा टप्पा

१९६२ साली एरिक एरिक्सन हे अमेरिकेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ अहमदाबादला आले. मानवी जीवनक्रम या विषयावरील चर्चासत्रासाठी त्यांना निमंत्रण होते. त्यांचे यजमान अंबालाल साराभाई हे जैन समाजातील अग्रगण्य गिरणीमालक. १९१८ साली अहमदाबादच्या ज्या गिरणी संपात महात्मा गांधींनी उपोषण केले, त्यात मालकांची बाजू याच अंबालालशेठांनी लढवली होती; आणि मजुरांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्या थोरल्या भगिनी अनसूयाबेन. या संपाचा एरिक्सन यांच्या मनावर खोल ठसा उमटला. त्यावर त्यांनी लिहिलेला ‘गांधीज ट्रुथ’ हा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

एरिक्सन यांचा जन्म १९०२ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे झाला. जन्मदात्या पित्याची ओळख त्यांना आयुष्यभर झाली नाही. सावत्र वडिलांच्या घरी ते वाढले. विद्यापीठाची पदवीही त्यांनी कधी घेतली नाही. व्हिएन्ना येथे ॲना फ्रॉइड यांच्या सहवासात त्यांनी बालमनाच्या अभ्यासाची दीक्षा घेतली आणि १९३३ मध्ये ते अमेरिकेस गेले. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात त्यांनी माणसाच्या विकासाचे आठ टप्पे मांडले. मनाची जडणघडण बालपणीच पूर्ण होते, असे मानण्याकडे तोपर्यंत अनेकांचा कल होता. ती अखेरच्या श्वासापर्यंत चालू राहते, हे एरिक्सन यांचे सांगणे होते.

प्रत्येक टप्प्यावर मनात दोन ओढींचा संघर्ष असतो आणि तो नीट सुटला तर एक नवे बळ हाती येते. तान्हे मूल आईच्या कुशीत विश्वास शिकते किंवा अविश्वास. विश्वास रुजला तर आशा जन्मते. दोन-तीन वर्षांचे मूल ‘माझे मी करीन’ म्हणते. त्याला सतत लाज आणली तर स्वतःविषयीची शंका कायमची घर करते. चार-पाच वर्षांचे मूल खेळात दुकान मांडते, स्वतः शेठ होते. हा उपक्रमशीलतेचा काळ. शाळकरी वयात उद्यमशीलता येते. सुट्टीत दुकानी बसून वजन करणारा, हिशेब लिहिणारा मुलगा येथेच ‘मला जमते’ हा अनुभव घेतो. त्याच्या प्रत्येक चुकीची गिऱ्हाइकांसमोर वाच्यता झाली, तर त्याच जागी न्यूनगंड वाढतो.

पाचवा टप्पा तारुण्याच्या उंबरठ्यावरचा: ‘मी कोण?’ या प्रश्नाचा. ‘अमक्यांचा मुलगा’ ही ओळख जन्माने मिळते, परंतु स्वतःची ओळख शोधावी लागते. त्यासाठी समाजाने तरुणाला थोडा मोकळा अवधी द्यावा, असे एरिक्सन सांगत. सहावा टप्पा आत्मीय नात्यांचा, विवाहाचा आणि मैत्रीचा. त्यानंतर येतो प्रौढपणाचा सातवा टप्पा. व्यापारी कुटुंबांची खरी कसोटी येथे लागते.

या टप्प्यावर एका बाजूला असते पुढील पिढीला घडवण्याची ओढ, जिला संवर्धनवृत्ती म्हणता येईल. दुसऱ्या बाजूला असते साचलेपण. पैसा वाढतो, दुकानांची संख्या वाढते, तरीही माणूस साचलेला असू शकतो. आपण उभारलेले दुसऱ्याच्या हाती फुलावे, ही इच्छा म्हणजे संवर्धन. आपण उभारलेले आपल्याच मुठीत राहावे, हा हट्ट माणसाला साचलेपणाकडे नेतो. दोन पिढ्यांचे टप्पे दातेरी चाकांप्रमाणे एकमेकांत अडकलेले असतात, हा एरिक्सन यांचा महत्त्वाचा विचार. वडिलांचे चाक थांबले की मुलाचेही अडते.

याचे चित्र बाजारपेठेत सहज दिसते. वडिलांचे वय पासष्ट, मुलाचे अडतीस. मुलगा पंधरा वर्षे गादीवर बसतो, माल आणतो, उधारी वसूल करतो. परंतु गल्ल्याची किल्ली वडिलांच्या कमरेला असते आणि मोठ्या खरेदीचा शब्द त्यांचाच असतो. मुनीमही मुलाने सांगितलेले काम वडिलांना विचारूनच करतो. मुलगा उद्धट नाही, वडील दुष्ट नाहीत. तरीही दोघे जेवणाच्या पाटावर अबोल होतात. मुलाला वाटते, आपल्यावर विश्वास नाही. वडिलांना वाटते, किल्ली गेली की आपली गरज संपली. वडिलांचे भय खोटे नसते. पन्नास वर्षे दुकान हीच ज्यांची ओळख होती, त्यांनी दुकान सोडले तर ‘मी कोण?’ हा पाचव्या टप्प्याचा प्रश्न उतारवयात पुन्हा समोर येतो.

साराभाई घराण्याचा इतिहास येथे बोलका आहे. अनसूयाबेन आणि अंबालाल यांचे आईवडील लहानपणीच गेले. अनसूयाबेनचा बालविवाह झाला, तो टिकला नाही. पुढे १९१२ मध्ये त्या धाकट्या भावाच्या साह्याने शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय अभ्यासातील प्राण्यांचे विच्छेदन जैन संस्कारांना न मानवल्याने त्यांनी सामाजिक शास्त्रांकडे मोर्चा वळवला. परत येऊन त्यांनी गिरणी कामगारांचे काम हाती घेतले आणि भावाविरुद्धच संपात उतरल्या. प्लेगच्या काळात सुरू झालेला बोनस बंद झाल्यावर मजुरांनी ३५ टक्के वेतनवाढ मागितली होती, मालक २० टक्क्यांवर अडले होते. अखेर प्रश्न लवादाकडे गेला आणि ३५ टक्के वाढ मान्य झाली. बहीणभावाचे नाते मात्र तुटले नाही. अंबालालशेठांचे पुत्र विक्रम साराभाई विज्ञानाकडे वळले आणि १९४७ मध्ये त्यांनी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. कन्या मृदुलाबेन स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या. आपल्यासारखे न होणाऱ्या माणसालाही घरात जागा देणे, हेही संवर्धनच.

जैन परंपरेला हा विषय नवीन नाही. श्रावकाच्या अकरा प्रतिमांमध्ये आठवी आरंभत्याग, नववी परिग्रहत्याग आणि दहावी अनुमतित्याग. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त या प्रतिमांचे विवेचन आहे. आठव्या प्रतिमेत सेवा, शेती, व्यापार यांसारखे उद्योग थांबतात. नवव्या प्रतिमेत मालकीची भावना सुटते. दहाव्या प्रतिमेत संसारातील कामांना संमती देणेही थांबते. या प्रतिमांचे ध्येय आत्मशुद्धी आहे आणि त्यांचा क्रम वयाने ठरत नाही. मानसशास्त्राच्या टप्प्यांशी त्यांची बरोबरी करणे योग्य नाही. तरीही त्यांच्या क्रमातील सूक्ष्म जाण थक्क करणारी आहे. काम सोडणे त्यामानाने सोपे, मालकी सोडणे कठीण, आणि आपले मत सोडणे त्याहूनही कठीण. किल्ली देऊनही रोज संध्याकाळी ‘आज किती झाले?’ असे विचारणारे वडील आठव्या-नवव्या पायऱ्यांचे बाह्य रूप पाळतात. दहावी त्यांच्यापासून दूरच असते.

व्रत घेण्याची तयारी नसली, तरी गृहस्थाला या क्रमातून मार्ग दिसू शकतो. प्रथम एक विभाग, एक शाखा किंवा एका मालाची खरेदी मुलाकडे, मुलीकडे अथवा सुनेकडे संपूर्ण सोपवावी. तेथे नुकसान झाले तर ते शिक्षणाचा खर्च मानावे. मुनीमाला सर्वांसमोर सांगावे की या कामात शब्द आता नव्या हाताचा. सल्ला विचारला तरच द्यावा. आणि मोकळा झालेला वेळ स्वाध्याय, पाठशाळा, पांजरपोळ किंवा समाजातील होतकरू मुलांच्या मार्गदर्शनासाठी द्यावा. कारण संवर्धनाची भूक केवळ दुकान सोडल्याने शमत नाही, तिला नवे क्षेत्र लागते. पुढच्या पिढीनेही निर्णय घेताना वडिलांचा अनुभव आदराने विचारावा. किल्ली मिळाली म्हणजे वडील जुने झाले, असे नव्हे.

एरिक्सन यांचा आठवा टप्पा वार्धक्याचा. मागे वळून पाहताना ‘जे झाले ते माझे होते आणि ते ठीक होते’ असे म्हणता आले, तर प्रज्ञा लाभते. नाही तर उरते निराशा. सातव्या टप्प्याची बाकी आठव्या टप्प्याच्या खात्यात ओढली जाते. दिवाळीला वहीपूजन होते आणि नवी वही उघडते. त्या वहीचे पहिले पान यंदा कोणाच्या हाताने लिहायचे, हे ठरवण्याचा अधिकार आज ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच ते हसतमुखाने ठरवावे.