कपाट भिंतीला बांधा

नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाला ड्रॉवरचं कपाट जिन्यासारखंच दिसतं. खालचा ड्रॉवर ओढायचा, त्यात पाय रोवायचा, वरच्याची कड धरायची आणि चढायचं. एरवी ढकलूनही न हलणारं कपाट अशा वेळी दोन वर्षांच्या मुलासकट पुढे कलंडतं. उघड्या, कपड्यांनी भरलेल्या ड्रॉवरमुळे कपाटाचा भार आधीच पुढे आलेला असतो, त्यात मूल पुढच्या कडेला लोंबकळतं. तोल गेला की सगळं ओझं त्याच्याच अंगावर येतं. ओरडायलाही त्याला वेळ मिळत नाही, म्हणून शेजारच्या खोलीतल्या आईला कळतही नाही. ‘लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्न अशा घरात कुणीही विचारू नये.

जून २०१६मध्ये ‘आयकिया’ या फर्निचर कंपनीने अमेरिकेत आपल्या ‘माल्म’ मालिकेसह ड्रॉवरची सुमारे २.९ कोटी कपाटं परत मागवली. कपाटांखाली सापडून मुलं दगावली होती. पैसे परत घ्या किंवा भिंतीला बांधायचं साहित्य फुकट न्या, असे दोन पर्याय कंपनीने दिले. तरी २०१७मध्ये कॅलिफोर्नियातलं दोन वर्षांचं मूल २००८ साली घेतलेल्या माल्मखाली सापडून गेलं. कपाट परत मागवल्याचं आपल्याला कुणी कळवलंच नाही, असं पालकांचं म्हणणं होतं. जानेवारी २०२०मध्ये कंपनीने त्यांना ४.६ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं.

मुलं गमावलेले आईबाप मात्र भरपाईवर थांबले नाहीत. त्यांनी लावून धरल्यामुळे डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेत ‘स्टर्डी’ कायदा झाला. सप्टेंबर २०२३पासून तिथे कपड्यांचं नवं कपाट विकायचं, तर त्याची चाचणी भरलेले ड्रॉवर उघडे ठेवून, पायाखाली गालिचा आहे असं धरून, सुमारे २७ किलोच्या मुलाचा भार गृहीत धरून होते. जबाबदारी बनवणाऱ्यावर आली, आणि ती तिथेच असायला हवी.

आपल्याकडे सुताराने घरी येऊन बनवलेलं कपाट अशी कोणतीही परीक्षा देत नाही. तेव्हा काम घरच्यांनाच करावं लागतं, आणि ते फार अवघड नाही. कपाटाच्या वरच्या बाजूला दोन टोकांना दोन एल-अँगल बसवायचे. स्क्रू मागच्या पातळ प्लायमध्ये नव्हे, जाड फळीत जायला हवा. भिंतीतला प्लग नुसत्या प्लास्टरमध्ये न राहता विटेपर्यंत पोहोचायला हवा. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग सैल पडतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचा वेगळा प्लग हार्डवेअरच्या दुकानात मागावा. पुस्तकांचं उंच शेल्फ आणि टीव्हीही असाच बांधावा.

टीपॉयच्या कोपऱ्यांना रबर लावायला पालक विसरत नाहीत. ते लावावंच. पण कोपऱ्याने टेंगूळ येतं, कपाटाने जीव जातो. खिडकीखालचा दिवाणही तितकाच घातक, कारण त्यावर चढलं की मूल थेट खिडकीच्या उंचीला पोहोचतं. तो दुसऱ्या भिंतीकडे सरकवावा.

भाड्याच्या घरात भोकं पाडू देत नाहीत, ही अडचण खरी आहे. तरी मालकाशी बोलावं; घर सोडताना भोकं पुट्टीने बुजवता येतात. परवानगी मिळेपर्यंत उंच कपाट मुलाच्या खोलीतून हलवावं, जड सामान तळाच्या ड्रॉवरमध्ये भरावं आणि रिमोट, खेळणी, बिस्किटांचा डबा यातलं काहीही कपाटावर ठेवू नये.