दोन अंकी संख्या आणि मन

७१ व ७९ या दोन्ही संख्या ६५ हून मोठ्या आहेत, हे दशकाच्या अंकावरूनच कळते. एककाकडे पाहण्याचे कारणच नाही. तथापि स्तानिस्लास देआन व त्यांचे सहकारी यांच्या १९९० मधील प्रयोगात ७१ विषयी निर्णय देण्यास ७९ पेक्षा किंचित अधिक वेळ लागला. मन संख्येचे प्रथम एकसंध परिमाणात रूपांतर करते व मगच तुलना करते, असे अनुमान त्यांनी काढले.

अनुमान आकर्षक खरे, पण पुरेसे नव्हे. न्युर्क, वेगर व विल्मेस यांनी २००१ मध्ये जर्मनभाषकांपुढे ४२–५७ व ४७–६२ अशा प्रकारच्या जोड्या ठेवल्या. अंतर दोहोंत १५ च. परंतु दुसऱ्या जोडीत मोठ्या संख्येचा एकक लहान आहे, आणि अशा जोड्यांना अधिक वेळ लागला. म्हणजे अनावश्यक एककही मन निराळा तोलतेच. जर्मनमध्ये एकक आधी उच्चारतात, हे याचे संपूर्ण कारण नव्हे. दशक आधी उच्चारणाऱ्या इंग्रजीभाषकांतही हा परिणाम आढळला आहे.

मराठीतही ‘बेचाळीस’मध्ये एकक आधी येतो. ‘एकोणऐंशी’ तर लिहिलेल्या साताला डावलून पुढच्याच दशकाकडे बोट दाखवितो. अंकांत लिहिलेले ७९ पाहताना हा शब्द मराठी वाचकाच्या आड येतो काय, हे मोजून पाहण्याजोगे आहे.