सवलत-रद्दीतून होणारी करवाढ : पुणे महानगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

मालमत्ता करवाढीची चर्चा सामान्यतः कराच्या दराभोवती फिरते. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दरवाढ सुचविली गेली की वृत्तपत्रांत मथळे येतात, सभागृहात विरोध होतो आणि बहुधा प्रस्ताव फेटाळला जातो. मात्र दर कायम ठेवूनही रहिवाशाच्या देयकाची रक्कम मोठ्या प्रमाणात वाढू शकते. कर ज्या मूल्यावर आकारला जातो ते मूल्य वाढले, किंवा त्यातून मिळणारी वजावट काढून घेतली, तर परिणाम दरवाढीसारखाच, किंबहुना अधिक तीव्र होतो. पुण्यातील ४० टक्के सवलतीचा प्रश्न हे याचे बोलके उदाहरण असून प्रस्तुत लेखात त्याची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

करयोग्य मूल्याची संकल्पना :

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार भाडेमूल्यावर आधारित पद्धतीत प्रथम मालमत्तेचे अपेक्षित वार्षिक भाडे ठरविले जाते. त्यातून देखभाल-दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केल्यावर राहते ते करयोग्य मूल्य होय. त्यावर सर्वसाधारण कर व इतर करघटक टक्केवारीने आकारले जातात. (देयकातील शिक्षण कराची रक्कम राज्य शासनाची असते, महानगरपालिका ती केवळ वसूल करते. ही बाब अनेक करदात्यांना ठाऊक नसते.)

पुण्यात १९७० पासून एक वेगळी प्रथा होती. मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या वार्षिक भाड्यात ४० टक्के सवलत दिली जाई आणि दुरुस्तीसाठी १० ऐवजी १५ टक्के वजावट मिळे. घरात राहणाऱ्यास त्या घरातून भाडे मिळत नाही, मग काल्पनिक भाड्यावर पूर्ण कर कशासाठी, असा विचार त्यामागे असावा. लेखापरीक्षणात या सवलतींवर आक्षेप घेण्यात आला आणि २०१९ मध्ये राज्य शासनाने संबंधित ठराव रद्द केला. १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना सवलत मिळेनाशी झाली. पूर्वीच्या काही निवासधारकांना मागील वर्षांच्या फरकाची देयके पाठविण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत पुन्हा लागू केली. दुरुस्तीची वजावट मात्र १० टक्क्यांवर आणण्यात आली.

चाळीसचे सहासष्ट कसे होतात :

प्रस्तुत लेखकाने वाणिज्य शाखेच्या तृतीय वर्षाच्या वर्गात एक साधा प्रश्न विचारला होता : ४० टक्के सवलत रद्द झाली तर कर किती टक्क्यांनी वाढेल? बहुतेकांचे उत्तर ‘चाळीस’ असे आले. आकडेमोड वेगळेच सांगते. एखाद्या घराचे वार्षिक भाडे ६०,००० रुपये धरू. सवलतीनंतर ३६,००० रुपये उरतात आणि १० टक्के दुरुस्ती वजा जाता करयोग्य मूल्य ३२,४०० रुपये येते. सवलत नसेल तर तेच मूल्य ५४,००० रुपये होते. वाढ ४० नव्हे, ६६.६७ टक्के आहे. कारण वाढीचे प्रमाण कमी झालेल्या रकमेशी मोजावे लागते. जुनी १५ टक्के वजावटही गेली असे धरल्यास ३०,६०० वरून ५४,००० रुपये, म्हणजे ७६.४७ टक्के वाढ होते. जेथे कराचे दर मूल्याच्या टप्प्यांनुसार चढते असतील तेथे वाढ याहूनही अधिक असणार.

एकत्रित दर शेकडा ४० रुपये आहे असे समजण्यापुरते गृहीत धरू. १२,२४० रुपयांचे देयक २१,६०० रुपयांवर जाते. वर्षाचा फरक ९,३६० रुपये. २०१९-२० ते २०२२-२३ या चार वर्षांचा एकत्र फरक ३७,४४० रुपये. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्तीची तरतूद आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

रहिवाशांवरील परिणाम :

प्राप्तिकर हा हाती आलेल्या उत्पन्नावर द्यावा लागतो. मालमत्ता कराचे तसे नाही. परिसरातील भाडी वाढली म्हणून तेथे स्वतःच्या घरात राहणाऱ्या निवृत्त लिपिकाचे निवृत्तिवेतन वाढत नाही. घर विकल्याखेरीज त्याला मूल्यवाढीचा लाभ नाही, आणि विकले तर राहण्याचा प्रश्न उभा राहतो. भाडेकरूही यातून सुटत नाही. भाडे नियंत्रण कायद्यात वाढीव कराचा भार भाडेकरूकडे वळविण्यास वाव आहे. शिवाय घराचे भाडेमूल्य बहुधा प्रथम आकारणीच्या वेळीच ठरलेले असल्याने एकाच रस्त्यावरील जुन्या व नव्या इमारतींच्या करात आधीच तफावत आहे. २०१९ नंतर ती वाढली, आणि भार प्रामुख्याने कर्ज काढून नवे घर घेतलेल्या कुटुंबांवर पडला. लेखकाच्या मते या निर्णयातील सर्वाधिक अन्यायकारक भाग हाच होता.

महानगरपालिकेची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. २०१३ मध्ये पुण्यातील जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. शहराच्या हाती स्वतःची म्हणता येतील अशी मोजकीच साधने उरली. पंधराव्या वित्त आयोगाने तर नागरी अनुदाने मालमत्ता कराच्या वसुलीतील वाढीशी जोडली. तेव्हा ‘कर वाढवू नये’ एवढेच म्हणून भागत नाही.

सवलत मिळविण्याचा मार्ग :

दरवाढीचा प्रस्ताव २० फेब्रुवारीपूर्वी सभागृहासमोर येतो. नगरसेवकास तेथे बोलता येते. मूल्यातील बदल मात्र रहिवाशाच्या दारात एकट्यादुकट्या नोटिशीच्या रूपाने येतो. विहित मुदतीत तक्रार न केल्यास आकारणी कायम होते. पुढे न्यायाधीशांकडे अपील करावयाचे तर मागणीची रक्कम आधी भरावी लागते. २०२३ मध्ये सवलत परत आली ती देखील आपोआप नव्हे. ज्यांची सवलत गेली होती वा मिळालीच नव्हती, त्यांना ‘पीटी-३’ हा अर्ज स्वतः राहत असल्याच्या पुराव्यासह द्यावा लागला. शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, सोसायटीचे पत्र ही कागदपत्रे मध्यमवर्गीय कुटुंबाजवळ सहसा असतात. परंतु ज्या घराची नोंद अद्याप दिवंगत आजोबांच्या नावे आहे आणि भावंडांत वारसनोंदीचा निकाल लागलेला नाही, तेथे तीन पिढ्या राहत असूनही ‘मालक स्वतः राहतो’ हे कोणी व कसे सिद्ध करावयाचे, हा प्रश्न पेठांतील अनेक वाड्यांपुढे उभा राहतो.